साठी आणि बद्दल

ऑक्टोबर संपत आला की आजी अंगणात चुना भिजत घालायची. डालड्याच्या जुन्या डब्यात कळीचा चुना, वरून बेतानं पाणी. डबा आधी गप्प असायचा, मग आतून कुरकुरायला लागायचा, फसफसायचा, आणि बाहेरून हात लावला तर पोळायचा. "दूर बस, भाजशीन," आजी म्हणायची. दुसऱ्या दिवशी चुना निवला की त्यात मूठभर मीठ, भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ. मग ती भिंतीवर बोटानं एक रेघ ओढायची, वाळू द्यायची, पुन्हा बघायची. शिंदीचा देठ ठेचून कुंचा ती स्वतःच करायची, दुकानातला ब्रश तिला चालत नसे. दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या, वाती, तेलाची बाटली, झेंडूच्या माळा, सगळं एका पिशवीत जायचं. ही तयारी 2 नोव्हेंबरची. मृतांच्या स्मरणाच्या दिवसाची.

हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात ओडिलो नावाच्या मठाधिपतीनं हा दिवस पाळायला सुरुवात केली आणि तिथून तो जगभर गेला, हे मला फार पुढं वाचून कळलं. लहानपणी मला एवढंच माहीत होतं की त्या दिवशी राजुरा, बल्लारशा करत एसटीनं चांद्याला जायचं, चुन्याचा डबा दोन पायांत धरून बसायचं, आणि आजीच्या मायची कबर रंगवायची. आजीच्या तोंडी शेवटपर्यंत चांदाच होतं, चंद्रपूर नव्हतं.

कबर रंगवून झाली, पणत्या लागल्या, की प्रार्थना. आणि प्रार्थनेत काय म्हणायचं यावर आमच्या घरात जन्मभराचा एक वाद होता. तो दोन शब्दयोगी अव्ययांचा होता. आजोबा नागपूरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे वाद व्याकरणातच मांडला जायचा.

"गेलेल्या माणसाबद्दल देवाचे आभार मानावेत," आजोबा म्हणायचे. "गेलेल्या माणसासाठी काही मागू नये. त्याचा हिशेब आता प्रभूच्या हाती. आपण मध्ये बोलणारे कोण?"

"आभार मानते ना जी मी," आजी म्हणायची. "पण माय आहे माझी. तिच्यासाठी मागू नोको म्हणता, तं मग कोणासाठी मागू?"

आवाज कधी चढला नाही. दोघं कबरीच्या दोन बाजूंना उभी राहून आपापलं म्हणत आणि शेवटचं आमेन एकत्र म्हणत.

आजोबांचं घराणं नागपूरच्या स्कॉटिश मिशनचं, फ्री चर्चचं. 1647 सालच्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारात मृतांसाठी प्रार्थना करू नये असं स्पष्ट कलम आहे, ते त्यांना बापाकडून आलेलं. माणूस मेला की त्याचं काय ते ठरलं. चर्चनं, पाळकानं, पैशानं त्यात फरक पडत नाही. या शिकवणीत कोरडेपणा होता असं मला वाटत नाही. तिच्यामागं एक धाक होता, तसा एक मोठा दिलासाही होता: गरिबाच्या आणि श्रीमंताच्या मरणात फरक नाही, कुणाला जास्त प्रार्थना विकत घेता येत नाहीत.

आजोबा कबरीपाशी गोष्ट सांगायचे ती स्टीफन हिस्लॉप यांची. 1845 मध्ये नागपूरला आलेला हा स्कॉटिश पाद्री धर्म शिकवायला आला आणि इथले दगड, जीवाश्म, गोंडांच्या कथा, सगळं वेचत बसला. 4 सप्टेंबर 1863 ला ते बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला गेले होते. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल तिथं होते. टाकळघाटला दगडांची वर्तुळं आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. असल्या वर्तुळांखाली विदर्भात माणसांच्या हाडांबरोबर मडकी, लोखंडी अवजारं, कुठं कुठं घोड्याचा साज सापडला आहे. हिस्लॉप दिवसभर ते बघत राहिले आणि संध्याकाळी एकटेच घोड्यावरून परत निघाले. नाल्याला पाणी चढलं होतं. आजोबा सांगत, घोडा तेवढा परत आला; लोक मशाली घेऊन शोधायला धावले, तेव्हा साहेब पाण्यात सापडले. टेंपल यांनी त्यांचे गोंडांबद्दलचे कागद 1866 मध्ये छापून काढले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

"दुसऱ्यांच्या कबरी बघायला गेलेला माणूस," आजोबा इथं थांबायचे. "त्या दगडांखाली कोण होतं, कुठल्या देवाला मानत होतं, कुणालाच ठाऊक नाही. तरी दिवसभर तो त्यांच्याजवळ बसला. ही पण प्रार्थनाच."

आमच्या जिल्ह्यात चिमूरकडच्या हिरापूरला तसेच प्रचंड शिळांचे डोल्मेन उभे आहेत. गोंडांच्या गावांत आजही गेलेल्या माणसाचा दगड उभा करतात. माणिकगडच्या डोंगराकडं जाताना रस्त्याकडेला असा दगड दिसला की आजोबा टोपी काढायचे. फ्री चर्चच्या माणसाचा हा शिष्टाचार कुठल्या कलमात बसायचा कोण जाणे, पण तो त्यांनी कधी चुकवला नाही.

आजीची गोष्ट वेगळी. तिची माय 1899-1900 च्या दुष्काळातलं पोर. सहा-सात वर्षांची असेल. मायबाप चांद्याच्या रस्त्यावर, दोघं दोन दिवसांच्या अंतरानं गेले. कुणी तिला मिशनच्या वाडीत आणून सोडलं. चांद्याचं मिशन स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल चर्चचं, म्हणजे अँग्लिकन वळणाचं. अलेक्झांडर वूड तेव्हा नुकतेच तिथं आले होते. पुढं ते नागपूरचे बिशप झाले. त्या वाडीत अशी कितीतरी पोरं होती, ज्यांना आपलं गाव सांगता येत नव्हतं.

"माझ्या मायला मायबापाची कबर नव्हती," आजी सांगायची. "पुरले का जाळले, का तसेच राहिले, तिला मालूम नाही. मग ते काय करे? मिशनमधी कोणाचीही माती असली तरी जाय. परक्याच्या कबरीपाशी उभी राहे आन् आपल्या मायबापासाठी मागे. पाद्रीसाहेब काही बोलले नाहीत कधी."

आजीनं ही गोष्ट मला दर वर्षी सांगितली आणि दर वर्षी याच ठिकाणी ती कुंचा खाली ठेवायची. तिच्या 'साठी'चा उगम इथं होता. ज्याच्या डोळ्यांसमोर आपलं माणूस नीट मातीला गेलं, त्याला 'बद्दल' पुरतं. जिला मायबापाची जागाच सापडली नाही, तिला काहीतरी मागतच राहावं लागतं.

खुद्द इंग्लंडात हेच घडलं होतं. तिथल्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकात मृतांसाठी मागणं होतं. तीनच वर्षांत, 1552 च्या पुस्तकातून, ते काढून टाकलं. साडेतीनशे वर्षं बहुतेक लोक त्याप्रमाणं वागले. मग पहिलं महायुद्ध आलं. फ्रान्सच्या चिखलात पोरं गेली, कित्येकांचं शरीरही मिळालं नाही, आणि आया चर्चमध्ये येऊन विचारू लागल्या की आमच्या पोरासाठी काही म्हणा. 1917 मध्ये आर्चबिशप डेव्हिडसन यांनी मंजूर केलेल्या प्रार्थनांत मृतांसाठीचं मागणं परत आलं. ते पंडितांच्या वादानं परत आलं नव्हतं, कबर नसलेल्या मरणांनी आणलं होतं. चांद्याच्या दुष्काळातली ती पोर आणि त्या इंग्रज आया यांनी एकमेकींचं नावही ऐकलं नव्हतं.

आजीच्या माहेरगावी अचलेश्वराच्या देवळाशेजारी बीरशहा राजाची समाधी आहे, राणी हिराईनं नवऱ्यासाठी बांधलेली. लहानपणी आजी तिच्या सावलीत खेळलेली. "राणीनं बी नवऱ्यासाठी दगड कोरून ठेवला," एवढंच ती म्हणायची, पण 'साठी'वर तिचा आवाज जरा रेंगाळायचा आणि आजोबा तिकडं बघायचे नाहीत.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आजोबा त्या गर्दीत होते. त्यांचं चर्च आणि आजीचं चर्च त्या दिवसापासून एकच. वाद मात्र कबरीच्या दोन बाजूंना तसाच राहिला, आणि मला वाटतं तो मिटवायची दोघांनाही घाई नव्हती.

ऐंशीच्या दशकात बाबांना सिमेंटच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही सगळे गडचांदूरला आलो. आजीला हे पसंत नव्हतं. वर्धा नदी ओलांडली की तिच्या लेखी मोगलाई सुरू. राजुऱ्याचा हा भाग निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, 1956 ला नांदेडला जोडला आणि 1959 ला चांद्याला. पण आजीच्या मनात तो कधी इकडं आलाच नाही. "तिकडं आपलं कोण हाय?" ती विचारायची. जिवंत माणसं ती यात धरत नव्हती.

गडचांदूर तेव्हा बाहेरच्या माणसांनी भरत होतं. जमिनीखाली चुनखडी, तिच्यावर काळी माती, त्या मातीवर कारखान्याची करडी धूळ. वऱ्हाडातले, तेलंगणातले, बिहारचे, केरळचे लोक एकाच कॉलनीत. आमच्या शेजारी चेची राहायची. आई तिला चेची म्हणायची म्हणून आम्हीही. तिचं चर्च सायरो-मलबार. केरळाबाहेर त्या चर्चला मिळालेला पहिला मिशनप्रांत आमचा चांदाच. 31 मार्च 1962 ची गोष्ट, आणि त्याचं मुख्य ठाणं बल्लारपूरला. आजीला हे कळलं तेव्हा ती खूश झाली होती. "म्हणजे तुमचंबी चांदाच," ती चेचीला म्हणाली, आणि त्या दिवसापासून चेची तिला परकी राहिली नाही.

चेचीनं गडचांदूरला एक मूल पुरलं होतं. तीन महिन्यांची मुलगी. ती कबर एवढीशी होती की चुना लावायला कुंचा दोनदा फिरवला की पुरे.

आजोबा 1988 च्या मे महिन्यात गेले. काळ्या मातीला हात हात भेगा पडलेल्या. कबर खणताना वरची माती ढेकळांनी निघाली, कंबरेइतकं खोल गेल्यावर कुदळीला पांढरा दगड लागला आणि ठण्ण आवाज आला. खणणाऱ्यांनी पहार मागवली. पाळकसाहेब चांद्याहून आले, मराठीतून विधी झाला, आम्ही मूठ मूठ माती टाकली. आजीनं तीन मुठी टाकल्या आणि चौथी हातात धरून उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. ती मूठ ती घरी घेऊन आली आणि तुळशीच्या रिकाम्या कुंडीत ठेवली.

त्या नोव्हेंबरात आम्ही पहिल्यांदा चांद्याऐवजी गावातच चुना घेऊन गेलो. पहिल्याच पावसात आजोबांचा क्रूस एका बाजूला कलला होता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर काही सरळ राहत नाही. बाबांनी खाली गिट्टी ठोकून तो उभा केला. चेचीच्या चर्चचे फादर धूपदाणी घेऊन कबरीकबरीपाशी जात होते. प्रत्येक घरची माणसं आपल्या कबरीशी उभी, फादर येऊन गळ्यातला पट्टा नीट करायचे आणि मल्याळममधून मृतांसाठीची प्रार्थना गायचे. तिला ते लोक 'ओप्पीस' म्हणतात. शब्द लॅटिन, ऑफिशियम. पोर्तुगिजांबरोबर केरळात उतरला आणि तिथून आमच्या काळ्या मातीत आला.

बाळाच्या कबरीपाशी ओप्पीस झाल्यावर चेची आजीजवळ आली. हातवाऱ्यांनी आणि मोडक्या हिंदीत विचारलं, आजोबांसाठीही म्हणायला सांगू का फादरना?

आजीनं कबरीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

जन्मभर ज्या प्रार्थनेला आजोबांनी नकार दिला, ती त्यांच्या उशाशी उभं राहून, त्यांना न येणाऱ्या भाषेत, एका अनोळखी फादरनं गायली. सूर लांब, खाली उतरत जाणारा. धूप आमच्या तोंडावर आला. मी पंधरा-सोळा वर्षांची होते आणि बाबांचा चेहरा बघत होते. तो ताठ झाला होता. घरी जाताना ते म्हणाले, "आई, बाबांना हे आवडलं नसतं."

"नसतं आवडलं," आजी म्हणाली. "पण आता मी एकटी हावो. एकटीनं किती मागू? चौघांनी मागितलं तं बरं."

चेची वर्षातून दोनदा ओप्पीस म्हणवायची, एकदा 2 नोव्हेंबरला, आणि एकदा मोठ्या उपवासकाळाच्या आधीच्या शुक्रवारी, कारण पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेत मृतांचा दिवस तो आहे. खाणीवरची तेलुगू कुटुंबं पुनरुत्थानाच्या रविवारी, उजाडायच्या आधी, कंदील घेऊन यायची. ऐन मोहफुलांचे दिवस, अंधारात वास येऊन राहिलेला. त्यांच्या बाया समाधीवर कधी भात, कधी गोड काही ठेवायच्या, मग शेजारच्या पोरांना वाटायच्या. आम्हालाही मिळायचं. काही शहाणी माणसं यावर नाक मुरडत की हे गोंडांचं झालं, हे हिंदूंचं झालं. मला त्यांना संत ऑगस्टिनच्या आईची आठवण करून द्यावीशी वाटते. मोनिका आफ्रिकेतल्या आपल्या गावच्या रीतीप्रमाणं संतांच्या कबरींवर लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन जायची. मिलानला गेली तेव्हा तिला दारातच अडवलं, बिशप अँब्रोज यांची मनाई होती. तिनं टोपली परत नेली आणि नुसती प्रार्थना घेऊन जाऊ लागली. 387 मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती मेली, घरापासून समुद्रापलीकडं. पोरांना म्हणाली, मला कुठंही पुरा, त्याची काळजी करू नका. जिथं असाल तिथं प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. आणि तिच्या मुलानं, एवढ्या मोठ्या पंडितानं, आईसाठी मागितलं, आणि वाचणाऱ्यांनाही मागायला सांगितलं.

घरापासून लांब पुरल्या जाणाऱ्या माणसांची गोष्ट आहे ती, म्हणून मला ती गडचांदूरची वाटते.

मी आजीच्या बाजूची आहे, हे आता लपवत नाही. पण आजोबांचं 'बद्दल' मी लहानपणी नीट ऐकलंच नव्हतं, हेही खरं. ते मला बाबा गेल्यावर ऐकू आलं. चांद्याच्या कबरीपाशी आजोबा मोघम आभार कधी मानत नसत. त्यांची यादी असायची. सासूबाईंनी पहिल्या हिवाळ्यात शिवून दिलेल्या गोधडीबद्दल. मला भात मऊ लागतो हे न सांगता ओळखल्याबद्दल. अंबाडीच्या भाजीबद्दल. मुलगी देताना मी कुठल्या चर्चचा हे विचारलं नाही त्याबद्दल. एकेक वस्तू नाव घेऊन ते प्रभूपुढं ठेवत. आम्ही पोरं कंटाळून झेंडूच्या पाकळ्या मोजत असू. आज वाटतं, माणूस असा पुन्हा उभा करण्याला फार प्रेम लागतं, आणि स्मरणशक्तीही.

बाबांच्या कबरीवर पहिल्या 2 नोव्हेंबरला मी उभी राहिले तेव्हा आजोबांसारखी यादी करायला लागले. रात्रपाळीहून येताना खिशातून आणलेल्या पेरूबद्दल. सायकलच्या दांडीवर गुंडाळलेल्या टॉवेलबद्दल, मला टोचू नये म्हणून. सिमेंटच्या धुळीनं करड्या झालेल्या पापण्यांबद्दल. तिथं आवाज गेला. पुढचं वाक्य 'साठी'चं होतं, ते आपोआप आलं: त्यांच्या छातीला आता त्रास नको. मेलेल्या माणसाच्या छातीला कसला त्रास, हे मला कळतं. तरी मी मागितलं, आणि दर वर्षी मागते.

आता गडचांदूरला तीन कबरी आहेत आमच्या. आजी आजोबांच्या डाव्या हाताला. क्रूस दर पावसाळ्यात कलतात, दर नोव्हेंबरात मी गिट्टी घेऊन जाते. चुना आजीसारखाच भिजवते. नीळ माझ्याकडून जास्त पडते. डब्यात उरलेला चुना मी ठरवून उरवते. निवृत्त होऊन आपापल्या मुलखाला परत गेलेल्यांच्या माणसांच्या कबरी इथंच आहेत, त्यांना रंगवणारं कुणी नाही.

चेची केरळात गेली त्याला बरीच वर्षं झाली. गुडघ्यांनी तिचा प्रवास बंद केला. ती कबर माझ्याकडं आहे. कुंचा दोनदा फिरवते, झेंडू ठेवते, पणती लावते, वाऱ्याच्या बाजूला विटेचा तुकडा उभा करते. मग तिला फोन लावते आणि स्पीकर चालू करून फोन बाळाच्या उशाशी ठेवते.

पलीकडून आधी नुसता श्वास येतो. कुठंतरी कोंबडा ओरडतो, तिकडचा. मग चेची ओप्पीस सुरू करते, म्हाताऱ्या आवाजात, फादरांसारखाच सूर खाली उतरवत. मधे तिला खोकला येतो, ती थांबते, पुन्हा त्याच ओळीपासून धरते. मला त्यातला एकच शब्द येतो. तो यायची मी वाट बघत उभी असते, चुन्याचे हात पदराला न लावता, आणि तो आला की तिच्याबरोबर म्हणते, आमेन.